कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: ‘फॅक्ट’ आणि कंसात उरलेली संख्या

या कॅल्क्युलेटरमधली ‘फॅक्ट’ ही मूळ अवयव पाडण्याची सोय बरेच जण एकदा वापरतात, उत्तरात कंस दिसला की गोंधळतात आणि सोडून देतात. तो कंस समजला तर हे यंत्र मोठ्या संख्यांसाठी फार कामाचं आहे.

कॉम्प म्हणजे साध्या आकडेमोडीच्या मोडमध्ये संख्या टाका, बरोबरचं (=) बटण दाबा, मग शिफ्ट आणि अंश-मिनिट-सेकंदाचं बटण. ९८७६५४३२१० टाकलं तर २ × ३² × ५ × १७² × ३७९७२१ मिळतं. घातांकांत एकेक मिळवून गुणलं की विभाजकांची संख्या ७२. हे मात्र आपणच करायचं.

आता १२३४५६७८९० टाका: २ × ३² × ५ × (१३७१७४२१). कंस आला, कारण यंत्र फक्त तीन अंकी मूळ संख्यांपर्यंत, म्हणजे ९९७ पर्यंत, भागून पाहतं. पुढची मूळ संख्या १००९. तिच्या वर्गापेक्षा, म्हणजे १०१८०८१ पेक्षा, उरलेला भाग लहान असेल तर तो नक्की मूळ, म्हणून ३७९७२१ कंसाविना आला. त्याहून मोठा उरला तर यंत्र निर्णय देत नाही. कंस म्हणजे ‘संयुक्त’ नव्हे आणि ‘मूळ’ही नव्हे, इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

१३७१७४२१ साठी १००९ पासून एकेक मूळ संख्येने भागत बसलात तर ३३६व्या भागाकाराला यश येईल. त्यापेक्षा फर्माची रीत घ्या, म्हणजे संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडा. वर्गमूळ ३७०३.७ च्या आसपास, म्हणून ३७०४ पासून सुरुवात. ३७०४² मधून संख्या वजा केली तर २१९५, पूर्ण वर्ग नाही. ३७०५² मधून ९६०४, म्हणजे ९८². झालं: (३७०५ − ९८) × (३७०५ + ९८), म्हणजे ३६०७ × ३८०३. अवयव एकमेकांच्या जवळ असल्यामुळेच हे इतकं लवकर जमलं. ते दूरदूर असतील तर ही रीत रखडते.

उलट ४२९४९६७२९७, म्हणजे २³² + १, टाकलं की ६४१ × (६७००४१७) येतं. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये शोधलेला अवयव तो हाच ६४१. इथे कंसातली संख्या मूळ आहे, आणि ते सिद्ध करायला दोनच भागाकार पुरतात. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवून येतो. १००९ ते २५८८ (६७००४१७ चं वर्गमूळ) या टप्प्यात तशा मूळ संख्या दोनच, ११५३ आणि १४०९. त्यांनी भागलं तर बाकी अनुक्रमे ३३४ आणि ६२२, म्हणजे एकानेही भाग जात नाही. किती सुंदर!

मर्यादा दहा अंकांची. अकरा अंकी सम संख्या असेल तर आधी २ ने भागून पाहा, भागाकार दहा अंकांत बसला तर तोच द्या. ऋण संख्या किंवा अपूर्णांक चालत नाहीत.

जुना घेत असाल तर नावातलं ‘प्लस’ बघून घ्या. साध्या ९९१ईएसमध्ये ही सोय नाही.