पावसात लाईन तुटली की कोण कामाला येते: झॅबिक्स की प्रोमेथियस?

पणजीत कार्यालय, वेर्ण्यात गोदाम, काणकोणात रिसॉर्ट, आणि तिन्हीकडचे नेटवर्क सांभाळायला तुम्ही एकटे, फार तर दोघे. देखरेखीसाठी काय बसवावे, हा प्रश्न मला पावसाळ्याच्या तोंडावर हमखास विचारला जातो. झॅबिक्स आणि प्रोमेथियस ही यंत्रांवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर, दोन्ही ओपन सोर्स, परवान्याचे पैसे नाहीत. त्यामुळे मी एकच गोष्ट आधी बघतो: जागेची इंटरनेट लाईन तुटली की कोण काय करते.

एका जुलैत काणकोणची लाईन रात्रभर बंद होती. पणजीतले प्रोमेथियस तिथल्या यंत्रांकडे दर १५ सेकंदांनी आकडे मागत राहिले. उत्तर नाही म्हणून आलेखात नुसती पोकळी. वीज गेली, यूपीएस बसला की फक्त फायबर तुटली, काहीच कळेना. सकाळी गाडी काढून जावे लागले.

प्रोमेथियसची रीतच ही: ते स्वतः जाऊन आकडे आणते. त्या जागेवर एजंट मोडमध्ये, म्हणजे फक्त आकडे गोळा करण्यापुरते, चालवून ते पुढे पाठवता येतात, पण पलीकडचा सर्व्हर साधारण २ तासांहून जास्त बंद राहिला तर न गेलेला भाग हातचा जातो. झॅबिक्सचा प्रॉक्सी, म्हणजे त्या जागेवरचा छोटा मदतनीस, मात्र एखाद्या जुन्या मिनी पीसीवर बसतो, तिथल्या तिथे मोजत राहतो आणि लाईन आली की सगळे पाठवतो. फक्त हा साठा मुळात १ तासाचाच असतो. सेटिंग बदलून तो ७२० तासांपर्यंत नेता येतो. हे विसरलात तर प्रॉक्सी बसवून उपयोग नाही.

दुसरा फरक जुन्या आकड्यांचा. प्रोमेथियस मुळात १५ दिवसांचेच आकडे ठेवते. मुदत वाढवता येते, पण मग डिस्कही तेवढी लागते. झॅबिक्स तासाचे किमान, सरासरी आणि कमाल काढून मुळातच वर्षभर जपते. गेल्या पावसाळ्याशी यंदाचा ताडून बघायचा तर हेच हवे. राउटर, स्विच, यूपीएस यांचे तयार टेम्प्लेटही, म्हणजे काय मोजायचे याचे साचे, त्यात मिळतात. बदल्यात डेटाबेस सांभाळावा लागतो, आणि तो मंदावला की झॅबिक्सही रडते.

तुमचे काम सॉफ्टवेअरचे असेल, सगळे कंटेनरमध्ये (प्रोग्रामच्या बंदिस्त डब्यांत), ते सांभाळणाऱ्या कुबर्नेटिसवर चालत असेल, तर मात्र प्रोमेथियसच घ्या. क्षणात उगवणारे-मावळणारे कंटेनर ते आपणहून शोधते. आलेख काढणारे ग्राफाना जोडल्यावर दिसणारे चित्र मला झॅबिक्सपेक्षा कितीतरी आवडते.

सुरक्षेत दोघेही मुळात ढिले. प्रोमेथियससाठी यंत्राचे आकडे देणारा नोड एक्स्पोर्टर ९१०० पोर्टवर येणाऱ्या कोणालाही माहिती देतो. झॅबिक्सचा पहिला पासवर्ड जगाला ठाऊक आहे, आणि यंत्रांवर बसवायच्या त्याच्या एजंटचे एन्क्रिप्शन आपणच चालू करावे लागते. कोणताही पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, जागा वायरगार्ड या व्हीपीएनने जोडा. स्विचवर एसएनएमपीची, म्हणजे यंत्रांकडे आकडे मागायच्या भाषेची, तिसरी आवृत्ती वापरा. दुसरीत कम्युनिटीचे नाव, म्हणजे पासवर्डच, उघडे फिरते.

आणि यांतले काहीही घेतले तरी लॉगची, म्हणजे यंत्रांनी लिहिलेल्या नोंदींची, सोय वेगळी करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची. त्यासाठी वाझू हे सुरक्षेचे सॉफ्टवेअर किंवा नोंदी गोळा करणारा साधा सिसलॉग सर्व्हर हवा.

तुमच्यासारख्या तीन जागांच्या पसाऱ्याला मी झॅबिक्स बसवेन. शिवाय गोव्याबाहेरच्या एखाद्या स्वस्त क्लाउड मशीनवर अपटाइम कुमा, म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे की बंद तेवढेच बघणारे साधन. पणजीतलीच वीज गेली तर झॅबिक्सही गप्प होते, तेव्हा टेलिग्रामवर निरोप द्यायला बाहेरचे कोणीतरी हवे. सगळे लागले की, चवथीला माणसे घरी जाण्याआधी, काणकोणची केबल तीन तास मुद्दाम काढून ठेवा आणि परत जोडल्यावर आलेख भरून निघतो का ते बघा.