श्वानदंशाची लस : आमच्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्राचा अनुभव

कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या पुतण्याला धुऱ्यावर कुत्रे चावले, तेव्हा आम्ही जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. परिचारिकाताईंनी आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवून घेतली, फ्रीजमधील लस दोन्ही दंडांवर त्वचेत टोचली आणि 0, 3, 7 व 28 या दिवसांच्या तारखा कार्डावर लिहून दिल्या. या कामात खोट काढायला जागा नाही. जखम खोल असल्याने लागणारे इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) मात्र तिथे नव्हते, त्यासाठी एसटीने जिल्ह्याला जावे लागले.

माझी खरी तक्रार नोंदीविषयी आहे. रजिस्टरात 'कुत्रा चावला' एवढेच लिहिले गेले. ते पिसाळलेले होते का, पुढे त्याचे काय झाले, यासाठी रकानाच नव्हता. दोन दिवसांनी ते नाल्याकाठी मेलेले आढळले आणि गावकऱ्यांनी पुरून टाकले. जनावरातील रेबीजची खात्री मेंदूच्या नमुन्यावरून होते, पण तो काढून बर्फात प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवण्याची सोय आमच्याकडे कुठेच नाही. 2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. निदान तो एक रकाना वाढवून पशुवैद्यकांना दर आठवड्याला कळवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुतण्याचा चौथा डोस ठरल्या तारखेला झाला.