बेंबीतला लाल कोंब: घरचं मीठ की सिल्व्हर नायट्रेटची काडी?

नाळ साधारण 5 ते 15 दिवसांत गळते. त्यानंतरही बेंबी ओली राहते, झबल्याला पिवळट डाग पडतात आणि आत 3 ते 10 मिलिमीटरचा मऊ, गुलाबी-लाल कोंब दिसतो. आपल्याकडे याला ‘बेंबीत मांस वाढलंय’ म्हणतात, डॉक्टर ग्रॅन्युलोमा. कोंबाला संवेदना नसते, म्हणून दोन्ही उपचार बाळाला सोसतात.

मिठासाठी हात साबणाने धुवा. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून बेंबी पुसा, कोरडी करा. बारीक मिठाची चिमूट फक्त कोंबावर ठेवा, वर स्वच्छ गॉज धरा. 10 ते 30 मिनिटांनी सगळं मीठ धुऊन पुन्हा कोरडं करा. असं दिवसातून दोनदा, 3 दिवस. मीठ कोंबातलं पाणी ओढून घेतं आणि तो सुकतो. बिघडतं ते खडेमिठाने, किंवा मीठ रात्रभर बांधून ठेवल्याने: भोवतालची कातडी पोळते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नका.

सिल्व्हर नायट्रेटची, म्हणजे कोंब जाळणाऱ्या औषधाची, काडी डॉक्टरच लावतात. आधी भोवती व्हॅसलीन, मग कोंबाला स्पर्श. तो काळपट-करडा पडतो. ओल राहिली तर औषध ओघळून कातडी भाजते. पुष्कळदा काही दिवसांनी पुन्हा लावावी लागते. बेळगाव-निपाणीत राहणाऱ्यांना ते जड नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या बाळंतिणीला मात्र प्रत्येक खेपेला तान्हं घेऊन एसटीचा प्रवास.

म्हणून आमचा कौल आधी मिठाला, पण कोंब एकदा दाखवून घेतल्यावरच. आशाताई 14व्या आणि 21व्या दिवशी घरी येतात, तेव्हा बेंबी उघडून दाखवा. शंका असेल तर त्या आरोग्य केंद्रात पाठवतील. मिठाने ओल थांबली नाही तर काडी.

कोंब घट्ट, चकचकीत लाल असून चिकट स्राव येत असेल तर तो पॉलिप, म्हणजे गर्भातल्या आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या नळीचा उरलेला अंश, असू शकतो. त्याला शस्त्रक्रियाच लागते. बेंबीतून लघवी किंवा शी झिरपत असेल तर थेट बालशल्यचिकित्सक गाठा.

बेंबीभोवती लाली पसरतेय, घाण वास किंवा पू येतोय, बाळ तापलंय किंवा गार पडलंय, दूध ओढत नाही, तर 108 ला फोन करा. बेंबीतल्या रक्तवाहिन्यांतून जंतू रक्तात आणि यकृतात पोचतात. अशा वेळी शिरेतूनच अँटिबायोटिक लागतं. हळद, राख, खोबरेल यांपैकी काही लावलं असेल तर न लपवता सांगा.