भाडेकरूसह घर विकत घेताना झालेली फसवणूक

आधीच भाड्याने दिलेले घर भाडेकरूसह विकत घेणे हा नवख्या गुंतवणूकदाराला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो, कारण त्यात भाडेकरू शोधावा लागत नाही, घर रिकामे पडत नाही आणि खरेदीच्या पुढच्याच महिन्यापासून भाडे हातात येऊ लागते. याच सोयीच्या आडून माझी फसवणूक झाली. ती कशी रचली गेली हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण त्या व्यवहारातील एकही कागद बनावट नव्हता आणि त्यामुळे असा प्रकार वकिलाच्या तपासणीतूनही सहज निसटतो.

घराच्या जाहिरातीत किमतीपेक्षा भाड्याचा आकडा ठळक छापलेला होता. भाडेकरार रीतसर नोंदवलेला होता, ठरलेल्या तारखेला भाडे जमा होत असल्याचे विक्रेत्याच्या बँक खात्याच्या उताऱ्यावर दिसत होते, मालकी हक्क निर्वेध होता आणि भाडेकरूने स्वतः घर दाखवून कराराची मुदत संपेपर्यंत येथेच राहणार असल्याचे आम्ही न विचारताच सांगितले. खरेदी पूर्ण झाल्यावर सुरुवातीचे भाडे वेळेवर आले. त्यानंतर मात्र भाडेकरूने घर सोडण्याची लेखी सूचना दिली, अनामत रकमेची मागणी केली आणि सूचनेची मुदत भरताच तो निघून गेला. नवा भाडेकरू शोधताना त्या भागातील सर्व दलालांनी सांगितलेले भाडे आमच्या करारातील भाड्यापेक्षा जवळजवळ एकचतुर्थांशाने कमी निघाले. पुढे शेजाऱ्यांकडून उलगडा झाला, तो असा की तो भाडेकरू विक्रेत्याच्याच व्यवसायातील माणूस होता आणि भाड्यातील वाढीव भाग विक्रेता त्याला दरमहा रोखीने परत करत होता.

एवढा खटाटोप विक्रेत्याला का परवडतो, हे आकडेमोड केल्याशिवाय लक्षात येत नाही. भाड्याच्या घराची किंमत पुष्कळदा भाड्यावरूनच ठरवली जाते. समजा एखाद्या घराचे खरे मासिक भाडे १०० आहे, म्हणजे वर्षाचे १,२००, आणि खरेदीदाराला गुंतवणुकीवर वर्षाला ५ टक्के भाडे अपेक्षित आहे. या हिशेबाने घराची किंमत २४,००० होते. तेच भाडे कागदावर १३० दाखवले की वर्षाचे १,५६० होतात आणि किंमत ३१,२०० वर जाते. विक्रेत्याने दरमहा ३० प्रमाणे आठ महिने भाडेकरूला परत केले, तरी त्याचा खर्च २४० होतो आणि हाती ७,२०० जादा येतात. खरेदीदाराच्या बाजूने पाहिले, तर ३१,२०० गुंतवून त्याला प्रत्यक्षात १,२०० मिळतात, म्हणजे ५ टक्क्यांऐवजी ४ टक्क्यांहूनही कमी. त्यातून घर वर्षात एक महिना रिकामे राहिले तर १०० गेले, शिवाय देखभाल, कर, विमा आणि दुरुस्ती वेगळीच. खरेदीसाठी कर्ज काढले असेल आणि त्याचा व्याजदर या परताव्यापेक्षा जास्त असेल, तर भाडेकरू असूनही दरमहा खिशातून भर घालावी लागते. भाड्यातील फुगवटा महिन्याच्या हिशेबात किरकोळ भासतो, किंमत ठरवताना मात्र तो अनेक वर्षांच्या पटीने गुणला जातो, आणि हा सारा डाव त्या गुणाकारावरच उभा असतो.

अनामत रकमेचा फटका वेगळा बसला. ती रक्कम विक्रेत्याला मिळाल्याचे भाडेकरारात नमूद होते, परंतु विक्रीच्या दस्तात तिचा उल्लेखच नव्हता. घर विकले म्हणून चालू भाडेकरार संपत नाही आणि नवा मालक जुन्याच्या जागी येतो, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यांत आढळते; जर्मनीच्या दिवाणी संहितेतील कलम ५६६ आणि ५६६अ यांनी तर भाडेकराराबरोबर अनामतीची जबाबदारीही खरेदीदाराकडे सोपवली आहे. आपल्या ठिकाणचा कायदा काहीही म्हणत असला, तरी भाडेकरू प्रथम नव्या मालकाच्याच दारात उभा राहतो. म्हणून ही रक्कम खरेदीच्या किमतीतून वजा करून घ्यावी आणि तसे दस्तात लिहून घ्यावे. याच्याच जोडीची एक बाब भारतीय मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम १०९ मध्ये आहे: घर विकले गेल्याची कल्पना नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडे दिले, तर नव्या मालकाला ते त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. मालकी बदलल्याचे पत्र खरेदीच्या दिवशीच भाडेकरूच्या हाती देऊन त्याची पोच घेणे त्यासाठी आवश्यक आहे.

रिकाम्या घराचा ताबा घेतला तेव्हा खुणा जागोजागी होत्या. शेगडीमागच्या भिंतीवर तेलाचा एकही डाग नव्हता, कपाटाच्या फळ्यांवर कारखान्यातून आलेले प्लास्टिक तसेच चिकटलेले होते आणि न्हाणीघराच्या जाळीत केसही अडकलेला नव्हता. मागील वीजबिले काढली, तेव्हा भाडेकरू राहत असल्याचे दाखवलेल्या काळातील वापर बंद घराइतकाच निघाला. वीजबिलाइतका निःपक्ष साक्षीदार या व्यवहारांत दुसरा नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. भाडेकरार दोन माणसे संगनमताने लिहू शकतात. मीटरचे आकडे मात्र घरात खरोखर कोणी राहत होते की नाही हे सांगतात. खरेदीपूर्वी किमान वर्षभराची वीज आणि पाण्याची बिले मागावीत. ती देण्यास टाळाटाळ झाली, तर तेथेच थांबावे.

बँकेचा उतारा निवडक पानांचा घेऊ नये, सलग मागावा आणि जमा रकमांबरोबर खर्चाच्या नोंदीही वाचाव्यात, कारण भाडे जमा झाल्यानंतर लगेच तेवढीच किंवा तिच्या ठरावीक भागाइतकी रोकड दरमहा काढली जात असेल, तर तिचे कारण विचारलेच पाहिजे. कराराची तारीखही बोलकी असते. जाहिरात देण्याच्या थोडेच आधी नवा करार झाला असेल, तर त्यापूर्वीचा भाडेकरू कोण होता आणि तो किती भाडे देत होता, हे इमारतीतील रहिवाशांना विचारावे. शेजारच्या तशाच घरांचे भाडे स्वतः भाडेकरू म्हणून चौकशी करून काढावे. विक्रेत्याने सुचवलेल्या दलालाकडून नव्हे. भाडेकरूशी विक्रेत्याच्या गैरहजेरीत बोलावे आणि गळती, शेजार, पाण्याची वेळ असे साधे प्रश्न विचारावेत, कारण तेथे खरोखर राहणाऱ्याकडे सांगण्यासारख्या तक्रारी हमखास असतात.

अमेरिकेत विशेषतः व्यापारी जागांच्या खरेदीत भाडेकरूकडून लेखी निवेदन घेण्याची पद्धत रूढ आहे. त्यात चालू भाडे, दिलेली अनामत, कराराची मुदत आणि मालकाशी कराराबाहेर काही ठरले आहे का, हे भाडेकरू सही करून सांगतो. राहत्या घरासाठीही असे निवेदन मागण्यास हरकत नाही. खोटे लिहून दिले, तर पुढे तोच पुरावा ठरतो.

माझ्या प्रकरणात वकिलांचे पहिले म्हणणे हेच होते की भाडे जास्त असणे हा गुन्हा नाही. विक्रेता आणि भाडेकरू यांच्यातील छुपा संबंध व परत केलेली रक्कम सिद्ध करावी लागेल, आणि रोखीचा माग काढणे अवघड असते. त्यामुळे जाहिरातीची प्रत, विक्रेत्याचे सर्व संदेश आणि भाड्याविषयीची त्याची विधाने खरेदीनंतरही जपून ठेवावीत. त्याहून उपयोगी म्हणजे विक्रीच्या करारातच तीन गोष्टी घालून घ्याव्यात: दाखवलेले भाडे खरे असून त्यातील कोणताही भाग भाडेकरूला परत दिला जात नाही अशी विक्रेत्याची हमी, भाडेकरूशी त्याचे नाते किंवा व्यावसायिक संबंध असल्यास त्याचे प्रकटन, आणि किमतीचा ठरावीक भाग काही महिने त्रयस्थाकडे राखून ठेवण्याची तरतूद, जो ठरलेल्या मुदतीपर्यंत भाडे नियमित आल्यावरच विक्रेत्याला मिळेल.