थ्री-इन-वन स्टीमर: नाक मोकळं करायला चांगला, पण आधी घरचं पाणी बघा

मेडिकलच्या दुकानात ‘थ्री-इन-वन’ म्हणून मिळणाऱ्या प्लास्टिकच्या स्टीमरचं हे परीक्षण. किंमत साधारण २०० ते ४०० रुपये. खोक्यात एक टाकी, वायर जोडलेलं झाकण आणि तीन जोड: चेहऱ्यासाठी मोठा मुखवटा, नाकासाठी छोटा आणि एक सरळ नळी. ऑनलाइन विकताना याच वस्तूला ‘नाकाने श्वास घ्यायची सवय लावणारा’, ‘गाढ झोप देणारा’ अशी विशेषणं लावतात. चोंदलेलं नाक झोपण्याआधी मोकळं करायचं काम तो चोख करतो. पुढे झोप कशी लागते, हे त्या मोकळ्या नाकाचा तुम्ही काय उपयोग करता यावर ठरतं.

दुकानात परत येणारे बहुतेक स्टीमर बिघडलेले नसतातच. घोळ पाण्याचा असतो. झाकणाखाली प्लास्टिकच्या कवचात धातूच्या दोन पट्ट्या असतात. त्या पाण्यात बुडतात आणि वीज एका पट्टीकडून दुसरीकडे थेट पाण्यातूनच जाते. वेगळी कॉईल नसते, पाणी हाच हीटर. त्यामुळे पाण्यात क्षार किती, यावर वाफ ठरते. आरओचं पाणी भरलं तर दहा मिनिटं थांबूनही टाकी जेमतेम कोमट होते. मुंबईसारख्या ठिकाणी तलावाचं मऊ पाणी येतं, तिथेही वाफ उशिरा धरते. अशा वेळी दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याच्याही निम्मं मीठ पाण्यात पूर्ण विरघळवून मग झाकण लावायचं. आधी माहितीपत्रक वाचा. काही कंपन्या मीठ घालू नका असं स्पष्ट लिहितात.

बोअरवेलच्या जड पाण्याचं उलट होतं. वाफ मिनिटभरात सुरू होते, पण पाणी इतकं जोरात उकळतं की वाफेबरोबर उकळते थेंब उडतात आणि ते नेमके वरच्या ओठावर आणि नाकपुडीवर बसतात. मीठ जास्त पडलं तरी हेच, आणि कधीकधी एमसीबीही (वीज जास्त खेचली की आपोआप बंद होणारा घरचा खटका) पडतो. इलाज सोपा आहे: निम्मं बोअरचं, निम्मं फिल्टरचं पाणी. वाफ घेताना पाणी आटतं, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून शेवटी शेवटी उकळी जास्त आक्रमक होते, आणि म्हणूनच उरलेलं पाणी ओतून टाकायचं, त्यावरच नवीन भरायचं नाही. पाण्याची पातळी टाकीवरच्या खुणेच्या वर नेली तरीही थेंब उडतात.

या रचनेचा एक फायदा आहे: पाणी संपलं की वीज जायचा रस्ताच तुटतो आणि यंत्र आपोआप थंड पडतं. धोका मात्र मोठा आहे. प्लग लावलेला असताना टाकीतल्या पाण्यात थेट २३० व्होल्टची वीज खेळत असते. बटण नसलेल्या मॉडेलमध्ये प्लग काढणं हेच बटण. पाणी वाढवायला चालू स्टीमरचं झाकण उघडणं म्हणजे शॉकला आमंत्रण. आधी सॉकेटचं बटण बंद, मग प्लग बाहेर, दोन मिनिटं थांबून मग झाकण. स्टीमर मांडीवर किंवा गादीवर न ठेवता सपाट टेबलावर ठेवा.

वाफ घ्यायची रीत. झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी बसा, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, डोळे मिटा. नळीचं तोंड नाकापासून वीतभर लांब. छोटा मुखवटा नाकाला चिकटवून बसू नका, वाफेत बाहेरची हवा मिसळायला फट ठेवा. पाच ते आठ मिनिटं पुरे. पहिली दोन मिनिटं सहज श्वास; नाक सुटायला लागलं की तोंड मिटून चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, दोन्ही नाकानेच. दम लागत असेल तर आकडे कमी करा. संपल्यावर एक-दोन मिनिटांनी नाक शिंकरा, एका वेळी एकच नाकपुडी आणि हलक्या हाताने. दोन्ही बाजू दाबून जोर लावला की कानात दडा बसतो.

मग भ्रामरी, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं. स्टॉकहोमच्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग या संशोधकांनी २००२ साली मोजलं होतं, की नुसत्या उच्छ्वासापेक्षा गुणगुणत सोडलेल्या श्वासात नाकातल्या नायट्रिक ऑक्साइड या वायूचं प्रमाण सुमारे १५ पट होतं. सायनसमधली, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमधली, हवा त्या कंपनाने ढवळून बाहेर येते. याने झोप सुधारतेच असं त्यातून सिद्ध होत नाही, पण तोंड मिटून लांब श्वास सोडण्याचा सराव यातून आपोआप होतो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात नाकाने श्वास घ्यायची सवय लावणारा खरा ‘ट्रेनर’ हाच भाग आहे, आणि तो खोक्यात येत नाही.

फरक पडतोय का, हे पाहायला स्टीलची थंड, कोरडी ताटली नाकाखाली आडवी धरा आणि नाकाने श्वास सोडा. वाफेचे दोन ठिपके उमटतात. डाव्या-उजव्याचा आकार बघा, ताटली पुसा आणि वाफ घेऊन थोड्या वेळाने पुन्हा करा. एक ठिपका लहान दिसला म्हणून घाबरू नका. नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीने थोड्या मिटतात, ते निसर्गतःच असतं. पण वेगवेगळ्या वेळी पाहूनही नेहमी एकच बाजू लहान दिसत असेल, तर नाकाचा मधला पडदा वाकडा आहे का हे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासून घ्या. तिथे वाफेचा उपयोग नाही.

बाम टाकीत टाकू नका. त्याचा तेलकट थर पट्ट्यांवर बसतो, वाफ मंदावते आणि वास वर्षभर जात नाही. मुखवट्यात औषधाची वाटी असेल तर तिथे कापसावर निलगिरी तेलाचा एक थेंब, नसेल तर साधी वाफच घ्या. मेंथॉलने नाक सुटल्यासारखं वाटतं ते थंडाव्याच्या जाणिवेमुळे. ताटलीवरचा ठिपका तेवढ्याने वाढत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाजवळ कापूर-मेंथॉल नकोच, आणि लहान मुलांना हा स्टीमर एकट्याने देऊच नये. दम्याच्या रुग्णांना उग्र वासाने धाप लागू शकते. घोळणा फुटण्याची सवय असेल तर गरम वाफ टाळा.

सर्दी बरी करण्यासाठी घेणार असाल तर अपेक्षा कमी ठेवा. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली सर्दीवर गरम दमट हवा देण्याच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा ठाम फायदा दिसला नव्हता. कोरोनाच्या काळात लागलेली दिवसातून चार-चार वेळा वाफ घ्यायची सवयही सोडा. विषाणू त्याने मरत नाही, नाकाचं अस्तर मात्र चुरचुरतं. रोजच्या कोरडेपणाला मिठाच्या पाण्याने नाक धुणं बरं: पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे अर्धा चमचाही नाही. नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरल्याने नाक उलट आणखी चोंदतं. तसं झालं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि झोपेत घोरणं मध्येच थांबून गुदमरल्यासारखी जाग येत असेल, दिवसा झापड येत असेल, तर स्टीमरवर वेळ न घालवता झोपेची तपासणी करून घ्या.

पातेलं आणि टॉवेलपेक्षा हा स्टीमर नक्कीच बरा, कारण लिटरभर उकळतं पाणी मांडीवर सांडायची भीती नाही. घरात हात थरथरणारे ज्येष्ठ असतील तर जास्त पैसे घालून पीटीसी हीटरचा (पाण्यापासून वेगळा तापणारा भाग असलेला) चेहऱ्याचा स्टीमर घ्या. त्यात वीज पाण्याला लागत नाही आणि आरओचं पाणी चालतं. त्यावरच्या ‘नॅनो’, ‘आयॉनिक’ या शब्दांचा नाकाला काही फायदा नाही, त्यासाठी जादा पैसे देऊ नका. टाकी मात्र छोटी असते, एका भरण्यात एकाचीच वाफ होते.

साफसफाई आठवड्याला एकदा. प्लग काढून, टाकीत १०० मिली पाण्याला एक चमचा लिंबूफूल घालून झाकणाच्या पट्ट्या अर्धा तास बुडवून ठेवा. पांढरा थर सुटतो. चाकूने खरवडू नका. पट्ट्यांवर काळं किटण धरलं असेल, कवचाला चीर गेली असेल किंवा वायर झाकणापाशी सैल झाली असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता नवीन घ्या.