पावसाळी गटारांसाठी ‘स्विम’: रोज वापरणारीचं मत

जलसंपदा किंवा शहर नियोजनात काम करायचंय, कोणतं सॉफ्टवेअर आधी शिकू, असं कुणी विचारलं की मी एसडब्ल्यूएमएमचं (स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल) नाव घेते. पाऊस पडल्यावर गटारांमधून किती पाणी वाहील, याचा हिशेब ते करतं. बोलताना आम्ही त्याला ‘स्विम’ म्हणतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं हे सॉफ्टवेअर १९७१ पासून चालत आलंय. आजही ते फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे.

दिसायला ते जुनाट आहे. मागे नकाशाचं चित्र लावता येतं, पण जीआयएसची, म्हणजे नकाशा आणि त्यावरची माहिती एकत्र हाताळण्याची, खरी सोय नाही. ते काम क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उरकून यावं लागतं. रस्त्यावर पाणी किती पसरेल हेही ते दाखवत नाही. त्यासाठी मी हेक-रास या पुराच्या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरचं द्विमितीय मॉडेल वापरते.

तरीही आधी हेच शिका, कारण ते तुम्हाला प्रत्यक्ष जागेवर पाठवतं. क्षेत्रफळ आणि उतार नकाशावरून मिळतात. उपपाणलोटाची (एका गटाराकडे पाणी उतरणाऱ्या जमिनीच्या तुकड्याची) ‘विड्थ’, म्हणजे रुंदी, मात्र तशी मिळत नाही. पाणी गटारापर्यंत किती लांबून वाहत येतं, त्यावर ती ठरते. कुंपणाची भिंत पाणी कुठे वळवते, हे पायी फिरूनच कळतं. विड्थ चुकली की प्रवाहाचं शिखर, म्हणजे सर्वांत जास्त प्रवाह, चुकतं आणि पाइपाचा व्यासही.

एका गोष्टीबद्दल मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला बजावते. ‘पाँडिंग’ (वर आलेलं पाणी जागेवर साठू देण्याची सोय) बंद असेल तर मॅनहोलमधून वर आलेलं पाणी मॉडेलमधून कायमचं निघून जातं. खालच्या पाइपांवर त्याचा भार येतच नाही, आणि सखल वस्ती कागदावर कोरडी राहते. म्हणून अहवालात ‘फ्लडिंग लॉस’ची, म्हणजे असं निघून गेलेल्या पाण्याची, ओळ आधी बघा. तसंच नदी फुगून पाणी पाइपात उलटं शिरत असेल, तर प्रवाह मोजायच्या पद्धतींपैकी ‘डायनॅमिक वेव्ह’च निवडा, ‘कायनेमॅटिक वेव्ह’ला हा फुगवटा कळत नाही. कंटिन्युइटी एरर (आत आलेलं पाणी आणि बाहेर गेलेलं व साठलेलं पाणी यांच्या हिशेबातली तफावत) १० टक्क्यांवर गेली तर निकालाबद्दल शंका घ्यावी, असं मार्गदर्शिकेतच म्हटलंय. मी त्याच्या कितीतरी आधी थांबते.

नियोजनकारांनी एवढं तरी करून बघावंच: एकाच भूखंडावर काँक्रीट ३० टक्क्यांवरून ७० टक्के करा आणि तोच पाऊस पुन्हा चालवा. शिखर उंचावतं आणि लवकर येतं. मग त्यात पाणी जिरवणारी फरसबंदी, पर्जन्यबाग, हिरवं छप्पर घालून बघा. चटईक्षेत्र वाढवायच्या बैठकीत हे आलेख शेजारी-शेजारी ठेवले की चर्चा पाण्यावर येते. हे मी पाहिलंय, आणि एवढ्यासाठीसुद्धा हे सॉफ्टवेअर मला मोलाचं वाटतं.

मॉडेलची फाइल साध्या मजकुराची असते. पाचएक नोड (पाइप जुळतात ते बिंदू) आणि एकच पाऊस असलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ओळ न् ओळ वाचा, आणि मगच मोठ्या शहराच्या मॉडेलला हात घाला.