पेंडीची गोणी की नेपियरचा वाफा?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्यासारख्या चार-पाच गायींच्या गोठ्याचा नफा गव्हाणीतच ठरतो. दुधाच्या उत्पादनखर्चातला साधारण ६० ते ७० टक्के वाटा खाद्याचा असतो.

पेंड सोपी. गोणी उघडायची, घमेल्यात मोजून घालायची, दूधही लवकर वाढतं. हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे: शरीरपोषणाला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. दहा लिटरच्या गाईला रोज साडेपाच किलो! शिवाय गोणी घाट उतरून येते, ते भाडंही आपल्याच माथी.

संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताला आधी कष्ट लागतात. दोन डोळ्यांची कांडी लावली की अडीच महिन्यांत पहिली कापणी, पुढे दर दीड महिन्याने, आणि नीट राखला तर फड तीन-चार वर्षं चालतो. खत म्हणून गोठ्यातलंच शेण. कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला, ऊन पोचेल तिथेच लावा. पोफळीच्या दाट सावलीत तो खुरटतो. माझी एक अख्खी ओळ तशी गेली, फार वाईट वाटलं.

पावसाळ्यात हा चारा पाणचट होतो. गाईचं पोट भरतं, अंगी लागत नाही. तेव्हा भाताचा पेंढा मिसळावाच. एप्रिल-मेमध्ये पाणी नसेल तर पेंडीवाचून इलाज नाही.

मी नेपियरच्या बाजूचा. पण पेंड एकदम तोडू नका. सोबत चवळीचा हिरवा चारा द्या, दूध आणि फॅट रोज वहीत लिहा, आणि आठवड्याला थोडी थोडी पेंड कमी करत जा.